तोंडून गेलेला शब्द

रविवारी सकाळी कमलाच्या पायावर पितळेचं तपेलं पडलं आणि तिच्या तोंडून शिवी गेली. अर्धवट नाही, 'अगं आई'वरून घसरलेली नाही. मायपासून सुरू होऊन जिथे संपायची तिथे संपलेली, चांगली पूर्ण. आवाज तिचा होता, हेल मात्र तिचा नव्हता. 'तुझ्या' नव्हे, 'तुह्या'. दुर्ग गावातल्या त्या घरात बाहेर हिंदी बोलून आलेली माणसं उंबऱ्याशी चपला काढताना हिंदीही काढून ठेवायची आणि आत पुस्तकासारखी मराठी बोलायची. तिथे जणू साकोलीकडचा कुणी मुकादम चुलीशी येऊन उभा राहिला. तपेलं गडगडत मोरीपर्यंत गेलं. देवघरातली घंटी थांबली. अंगठ्याचं नख बघता बघता निळं पडत होतं, कळ मांडीपर्यंत चढत होती, आणि कमला कळ विसरून घंटी पुन्हा कधी वाजते याची वाट बघत होती. ती वाजली नाही. आईने लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि मुलीच्या पायाकडे न बघता देवघराच्या दाराकडे बघितलं.

कमलाचे वडील, अण्णा, सोवळ्यातच बाहेर आले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. ते म्हणाले, "आपण जिथे नोकरी करता, तिथे उद्यापासून जायचं नाही." आणि आत गेले. थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजू लागली, राहिलेली पूजा राहिल्या जागेवरून पुढे गेली.

'आपण' म्हणाले, म्हणजे संपलंच. रागावले की अण्णांचं 'तू' जायचं आणि 'आपण' यायचं. घरातल्या माणसाला ते असं एका शब्दात परकं करून टाकायचे. अण्णांचा, म्हणजे विष्णुपंतांचा, उभा जन्म दुर्गच्या कोर्टात रीडर म्हणून गेला होता. साक्षीदारांना शपथ द्यायची, जबान्या वाचून दाखवायच्या. एकमेकांच्या नरड्याला लागलेले भाऊ, विळ्याने वार करणारे, केलेले वार नाकारणारे, सगळ्यांचं बोलणं त्यांच्या स्वच्छ आवाजातून गेलं होतं. पण जबानीत शिवी आली की ते 'अपशब्द' एवढंच म्हणून पुढे जात. एखाद्या न्यायाधीशाने आग्रह धरलाच तर कागद त्याच्यापुढे सरकवत आणि म्हणत, आपण वाचावं. ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची. कमलाही लहानपणी शाळेत सांगायची. आता पाटावर बसून अंगठ्याला हळद लावून घेताना तिला त्या गोष्टीचा भयंकर वैताग आला. हळद लावता लावता आईने कुजबुजत विचारलं ते काय, तर कुणाकडून शिकलीस. म्हणजे विळ्याचा वार आणि एक शब्द यांत अण्णांना शब्दच उच्चारवत नव्हता, आणि आईला निळ्या पडलेल्या नखापुढे तोच दिसत होता.

कुणाकडून शिकली! काय सांगणार? सगळ्यांकडून. भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. जिकडे तिकडे लाल माती उकरलेली, मातीत लोखंड उभं राहत होतं, आणि ते उभं करणारा सगळा देश कमलाच्या उजव्या कानातून ये-जा करत होता. ती काम करायची ते टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे दवाखान्याशेजारची एक पत्र्याची बराक. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कुणी फोनची मूठ फिरवली की त्याच्या नंबराची चिमुकली पत्र्याची झाकणी खट्कन खाली पडायची. त्याच्या भोकात कॉर्ड घालायची, 'नंबर प्लीज' म्हणायचं, आणि मग कानात माणूस ओतला जायचा. सिमेंट आलं नाही म्हणून चिडलेला पंजाबी, क्रेन मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेला बंगाली, आंध्राचा, केरळचा, आझमगडचा. ते नंबर मागायच्या आधी शिवी द्यायचे, नंबर मिळाल्यावर द्यायचे, मिळाला नाही तर द्यायचेच. सुरुवातीला तिचे कान तापायचे. मग ती ओळखायला शिकली, की ही शिवी पंजाब्याची, पहिल्यांदा दणका आणि मग हसू. ही तेलुगू, लांबलचक, एकमेकीत गुंफलेली. दुभाष्याचं काम करणाऱ्या एका मुलीने तिला सांगितलं होतं की रशियन लोकही चिडले की आईवरच जातात. त्या दिवशी कमलाला हसावं की रडावं कळेना. माणसं कुठून कुठून आली होती, भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळं. आणि शिवी द्यायची वेळ आली की सगळे एकाच घरात घुसत होते. तिथे कायम एक बाई असायची. कुणाची तरी आई, कुणाची तरी बहीण. नट सैल झाला तरी तिलाच ओढायचे, पाऊस आला तरी तिलाच. एवढा मोठा कारखाना नव्याने बांधतायत, शिवी मात्र एकाला नवी बांधता आली नाही!

आणि केवलराम. हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. एका ठेकेदाराकडे तो पायाखोदाईच्या गँगचा मुकादम होता. कामावरच्या पत्र्याच्या टपरीत फोन होता आणि तो दिवसातून कितीदा तरी खडखडायचा. पहिले काही दिवस तो हिंदीतून शिव्या द्यायचा. एकदा कमला स्वतःशीच मराठीत काही पुटपुटली, ते त्याने ऐकलं. "अरे, तुमी आपल्याच होय का जी!" म्हणाला, आणि पाहुण्याला घरचं जेवण वाढावं तसा त्या दिवसापासून तो मराठीत शिव्या देऊ लागला. भैताड, हाल्या, रांडीच्या, तुह्या मायच्या. स्टोअरला, पाण्याच्या टँकरला, इंजिनिअरला, उन्हाला. सगळ्यांत जास्त लहानूला. लहानू नावाचा त्याच्याच गावचा एक जण गँगमध्ये होता. फोन चालू असताना केवलराम तोंड वळवून त्याच्यावर खेकसायचा, आणि मागून त्या लहानूचं हसणं यायचं. एकदा तिने धीर करून सांगितलं, की लाइनवर बाई आहे, जरा तोंड सांभाळा. मग तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुमाले नाही देऊन राहिलो बाई. लायनले देऊन राहिलो."

"लाइनला आई नसते," ती म्हणाली होती.

त्यानंतर दोनतीन दिवस तो जपून बोलला, वाक्यावाक्याला अडखळला, साधं सिमेंट मागताना धापा टाकू लागला. गाडीचं वंगण संपावं तसं. चौथ्या दिवशी शिव्या परत सुरू झाल्या आणि खरं सांगायचं तर कमलाला सुटल्यासारखं वाटलं. तो कुणालाच काही म्हणत नव्हता. वजन उचलण्याआधी माणूस श्वास घेतो, तेवढंच ते होतं.

पण म्हणून सगळं सोडून द्यावं, असंही नव्हतं. त्याचाच तर तिला जास्त वैताग होता, की यात कुणा एकाची बाजू घ्यावी तर ती बाजूच पायाखालून सरकते. मागे एकदा कुणा कचेरीतल्या माणसाला तिने हवा तो नंबर जोडून दिला नव्हता, लाइनच नव्हती. तो ओरडला नाही. आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमाने, त्याने तिला उद्देशून एकच शब्द उच्चारला आणि फोन ठेवला. केवलराम तो शब्द दिवसातून शंभरदा टँकरला वापरायचा. त्या संध्याकाळी कमलाला ताप भरला होता. आईला तिने ऊन लागलं म्हणून सांगितलं. शब्द तोच, आणि एकदा तो नुसता वारा असतो आणि एकदा सुरी. मग शब्दात असतं काय? आणि शब्दात नसलं तर अण्णा त्या शब्दांना एवढे भितात कशाला? अण्णांनी जन्मात कुणाला शिवी दिली नाही. कमला शाळेत होती तेव्हा घरी कोर्टातले लोक फराळाला आले होते. आई दारात उभी राहून काहीतरी गमतीची गोष्ट सांगू लागली, तिच्या माहेरची, रायपूरची; सांगताना स्वतःच हसत होती. अण्णा म्हणाले, "आपण जरा आत बसावं. इथे बोलणं चाललं आहे." बस एवढंच. त्या वाक्यातून काढून टाकण्यासारखा एकही शब्द नव्हता. पण आई त्या दिवशी आत गेली ती गेलीच. त्यानंतर चार माणसांत तिला बोलताना कमलाने ऐकलं नाही. त्या गोष्टीचा शेवट काय होता, तेही कुणाला कळलं नाही.

सोमवारी कमला नेहमीसारखी उठली, आवरलं, आणि सुजलेला पाय कसाबसा चपलेत घालून बसच्या रस्त्याला लागली. भांडण करायचं तिने ठरवलंच नव्हतं. ती फक्त निघाली. मागे छत्रीच्या काठीचा आवाज आला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, अण्णा येत होते. त्यांनी सांगितलं की ते स्वतः तिच्या वरिष्ठांना भेटतील, मुलीची नोकरी सभ्यपणे सुरू झाली तशी सभ्यपणेच संपली पाहिजे. बसमध्ये ते खिडकीशी ताठ बसले. पुढच्या बाकावरचे दोन फिटर रात्रीच्या पत्त्यांच्या डावाबद्दल बोलत होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला अण्णांच्या मानेची शीर उडत होती. कमला बाहेर बघत राहिली. तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं, की हे लोक कुणाला मारतायत का, कुणाचं घर जाळतायत का? पत्ते हरले एवढंच ना? मग शीर कशाला उडते?

सुपरवायझर दुपारशिवाय येणार नव्हते. अण्णा बराकीत तिच्या मागच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसून राहिले. शेजारच्या बोर्डावरच्या मल्याळी मुलीने त्यांना पाणी दिलं, ते धन्यवाद म्हणाले. कमलाची पाठ त्यांच्याकडे होती आणि ती पाठ सकाळभर दुखत राहिली. कानात नेहमीचं चाललं होतं. पलीकडचा माणूस काही बोलला की तिला वाटायचं, अण्णांना ऐकू गेलं. ते शक्य नव्हतं, पण तिचे खांदे आपोआप वर चढायचे. एकदा वाटलं, उठावं, हेडफोन त्यांच्या टोपीवरून त्यांच्या कानाला लावावा आणि म्हणावं, ऐका. एक दिवस ऐका आणि मग सांगा मी कशी बोलू.

ऊन पत्र्यावर आलं होतं तेव्हा केवलरामची झाकणी पडली. कमलाने कॉर्ड घातली आणि त्या आवाजासाठी कान थोडा आधीच आखडून घेतला.

"बाईसाहेब, नमस्कार," पलीकडून आलं. "मी केवलराम बोलतो. जरा दवाखाना लावून देता का जी?"

तो इतका हळू, इतका नीट बोलत होता, शाळेत मुलाला कविता म्हणायला उभं करावं तसा. एकही शिवी नाही. मागे माणसांचा गलका होता, त्यात ते हसणं नव्हतं. काय झालं, तिने विचारलं. तो म्हणाला, "माती बसली जी. लहानू खाली हाय."

दवाखान्याची लाइन गुंतलेली होती. कमलाने मध्ये शिरून सांगितलं की अपघात आहे, लाइन मोकळी करा. कुणी साहेब डॉक्टरांशी रविवारच्या सहलीबद्दल बोलत होते. त्यांनी फार गोड इंग्रजीत फक्त एक मिनिट मागितलं, वर धन्यवाद दिले, आणि सहलीकडे वळले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा, जराही न चिडता, एक मिनिट मागितलं. कमलाने त्यांची कॉर्ड उपटली. उपटता उपटता तिच्या तोंडून शिवी गेली. कालचीच, कालच्यापेक्षा मोठ्याने. साहेबांनी ती ऐकली नाही, त्यांची लाइन तुटली होती. बराकीने ऐकली. मल्याळी मुलगी वळली. मागे बाकाचा करकर आवाज झाला. कमलाने केवलरामला दवाखाना जोडला, दुसऱ्या हाताने गाडीच्या शेडला घंटी मारली, जागा सांगितली, पुन्हा सांगितली, लिहून घ्या म्हणाली. गाडी निघाल्याचं कळल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. ती बसली. मागे बसलेल्या अण्णांची तिला आता पर्वा नव्हती, किंवा पर्वा करायला जागा नव्हती. ती त्या एकाच झाकणीकडे बघत होती. बाकीच्या पडत होत्या, ती पडत नव्हती.

पाळी संपेपर्यंत ती पडली नाही. सुपरवायझर यायची वेळ झाली होती. कमलाने हेडफोन काढून ठेवला आणि ती बाहेर पडून दवाखान्याकडे चालू लागली. अण्णा मागून येत होते. आपण ऐकता आहात का, ते म्हणत होते, आपल्या वरिष्ठांना भेटायचं आहे, आपण अशा कुठे निघालात. छत्रीची काठी दगडांवर आपटत होती. ती थांबली नाही.

दवाखान्याच्या ओसरीत पाचसहा माणसं भिंतीला टेकून बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत लाल. कमलाने मनात केवलराम दांडगा, मिशीवाला करून ठेवला होता. तसं कुणीच नव्हतं. तिने विचारलं तेव्हा कानाला मफलर गुंडाळलेला एक लहानखुरा माणूस उठला. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या; लहानूला फावडं लागेल म्हणून त्याने हातांनी माती उपसली होती. ती म्हणाली, मी एक्स्चेंजची. त्याने त्या पट्ट्यांसकट हात जोडायचा प्रयत्न केला. गाडी लवकर आली, म्हणाला, तुमच्याकडून काही कमी झालं नाही. मग त्याने मान हलवली. लहानूचा जीव गाडीतच गेला होता. केवलरामचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. एवढी शिव्यांची खाण, आणि आता एक शब्द सापडत नव्हता. कमलाला वाटलं, याने द्यावी, कुणालाही द्यावी, मातीला, देवाला, मला. तो नुसता उभा होता. अण्णा पायरीखाली थांबले होते.

तेवढ्यात मजुरांच्या कॅम्पच्या बाजूने एक म्हातारी आली. उंच, हाडाची, लुगडं वर खोचलेलं, हातात फडक्यात बांधलेला डबा. लहानूला दवाखान्यात नेलंय एवढंच तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती घाईत होती पण घाबरलेली नव्हती, रागावलेली होती. ओसरी चढता चढता तिने केवलरामला पाहिलं.

"कुठी हाय तो माहा मुडदा?" ती म्हणाली.

"सकाऊन डबा टाकून पयाला," ती सांगत होती, "आता घेतला असन हात मोडून. कुठी हाय?" भिंतीशी बसलेल्यांनी माना खाली घातल्या. कमलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतका साधा शब्द, गल्लीगल्लीत आया दिवसभर पोरांवर फेकतात, कुणी कान देऊन ऐकत नाही. आणि तो त्या ओसरीत पडला आणि पडूनच राहिला. केवलराम पुढे झाला. काकी, म्हणाला, आणि त्याला पुढचं येईना. तो खाली बसला आणि त्याने पट्ट्या बांधलेल्या हातांनी म्हातारीचे पाय धरले. लहानूच्या त्या आईने, मैनाबाईने, त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या एकेकाकडे, मग आतल्या दाराकडे. डबा तिने अगदी सांभाळून खाली ठेवला. आणि उजव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारलं. मग पुन्हा. केवलरामने हात धरायचा प्रयत्न केला तर तिने डाव्या हाताने मारलं.

ती रडत नव्हती. ती सांगत होती. सकाळी आपण काय म्हटलं, ते. मुडद्या, डबा घेऊन जा, असं आपण म्हटलं. तो हसला आणि गेला. आपल्याच तोंडाने आपण म्हटलं. "लागला व बाई माहा शब्द," ती कमलाला म्हणाली, का तर तिथे दुसरी बाई नव्हती.

कमलाने तिचे दोन्ही हात पकडले. शब्दाने काही होत नाही, ती म्हणाली, मावशी, माती ढासळली, शब्दाने माती ढासळत नाही. कालपासून हेच तर ती मनातल्या मनात अण्णांना ठणकावून सांगत होती. सगळं तयार होतं, मुद्द्यासकट. पण म्हातारी ऐकतच नव्हती. ती एका पोरीकडून काय ऐकून घेणार? तिची नजर पायरीखाली गेली. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पिकलेल्या भुवया.

"बाबाजी," ती म्हणाली, "तुमी शिकलेसवरले दिसता. मायचा शब्द लागते का जी?"

अण्णांचं उत्तर कमलाला माहीत होतं. लहानपणी कुणी चुकून 'मरू दे' म्हटलं तरी ते बोट वर करायचे: वास्तुपुरुष घरात बसलेला असतो, सारखा तथास्तु म्हणत असतो, तोंड आवरा. नुसतं सांगायचे नाहीत, त्यावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासापायीच तर ते आज इथे आले होते. तिला वाटलं, आता ते 'आपण' म्हणतील. आपण धीर धरावा, असं काहीतरी स्वच्छ आणि थंडगार. तसं म्हणाले तर आपण त्यांना सर्वांदेखत काय म्हणू, याची तिला भीती वाटली. शब्द तोंडात येऊन थांबला होता.

अण्णा पायऱ्या चढून आले. छत्री त्यांनी भिंतीला टेकवली. मग गुडघ्यावर हात देत देत ते खाली, त्या लाल मातीने भरलेल्या फरशीवर, मैनाबाईच्या समोर बसले.

"नाही लागत," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझी आई मला मुडद्याच म्हणायची," अण्णा म्हणाले. "उठवताना तेच, जेवायला बोलावताना तेच. दुसऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. तिचा शब्द लागायचा असता तर मी एवढा म्हातारा झालो असतो का?"

"खरंच सांगून राहिले जी?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "ईश्वराला स्मरून सांगतो," ते म्हणाले, "खरं सांगतो." कोर्टात जन्मभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेली वाक्यं, तशीच, त्याच आवाजात.

मैनाबाई बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग कमलाच्या हातातले तिचे हात सैल झाले. तिने आतल्या दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मुडद्या रे," आणि पुन्हा, "माह्या मुडद्या," आणि मग तिला रडू आलं. त्या रडण्याबरोबर तिने त्याला काय काय म्हटलं, केवलरामला ठाऊक असतील नसतील तेवढ्या सगळ्या शिव्या तिने त्याला दिल्या, नवसाने झाला म्हणून, सोडून गेला म्हणून, उपाशी गेला म्हणून. केवलरामही रडू लागला. अण्णा तिथेच बसून होते. एकदाही त्यांच्या मानेची शीर उडाली नाही, किंवा कमलाने तिकडे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते शेजारी बसले होते. अण्णांच्या कोटाला मागे लाल माती लागली होती आणि ती झटकावी असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. आजी कमलाच्या जन्माआधीच गेलेली. अण्णा तिच्याबद्दल कधी बोलत नसत. घरात तिचा फोटोही नव्हता. ती तशी बोलणारी असेल? ईश्वराला स्मरून हा माणूस खोटं बोलला असेल, हे पटत नव्हतं. आणि त्याला कुणी रोज उठता बसता मुडद्या म्हणून हाक मारत होतं, तो 'ओ' देत होता, धावत जेवायला येत होता, हेही डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं. विचारावं असं तिला दोनदा वाटलं. बाहेर शेतं पिवळी पडत चालली होती, पुढे दुर्गची पहिली घरं दिसू लागली होती.

"तुझ्या सुपरवायझरना भेटायचं राहिलंच," अण्णा म्हणाले.

"हो," कमला म्हणाली.

ते खिडकीबाहेर बघत होते. बस थांबली, माणसं उठली, कुणीतरी कुणाला तरी धक्का दिला म्हणून मागे शिवीगाळ सुरू झाली. अण्णांनी छत्री उचलली.

"राहू दे," ते म्हणाले.